गोव्याला निघताना आधी डोकी मोजा



सुट्टी जवळ आली की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. जायचे कुठे, हे एकदाचे ठरते. मग वाद सुरू होतो तो जायचे कसे यावरून. २०२५ सालच्या दिवाळीपूर्वी आमच्या शेजारच्या घरी असाच वाद रंगला होता. मुंबईहून गोव्याला जाण्याचे ठरले होते. नववीतल्या मुलाला विमान हवे होते, कारण त्याच्या वर्गातली निम्मी मुले विमानात बसून आली होती आणि तो अजून राहिला होता. आजी म्हणाल्या, "विमानाचे नावसुद्धा काढू नका. जूनमध्ये अहमदाबादला काय झाले ते विसरलात का?" वडिलांनी आजींना दुजोरा दिला. "शिवाय विमानाने प्रदूषण किती होते! आपली मोटार दारात उभी आहे. रात्री दहाला निघू, सकाळी चहाला गोव्यात."

यावर सहावीतली धाकटी हळूच म्हणाली, "पण बाबा, मोटारीतूनही धूर निघतोच की!"

सगळे क्षणभर गप्प झाले, आणि मग मंडळी माझ्याकडे आली. "काका, तुम्ही एवढी वर्षे विज्ञान शिकवलेत. तुम्हीच सांगा."

मी म्हटले, "मी सांगण्यापेक्षा वही आणि पेन्सिल सांगेल. आणा पाहू."

त्या संध्याकाळी आम्ही जे हिशेब मांडले, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. माझे मत मात्र आधीच सांगून टाकतो. मोटारीत चौघे-पाचजण असतील, प्रवास दिवसा होणार असेल आणि वाटेत थांबण्याची तयारी असेल, तर अशा अंतरासाठी विमानापेक्षा मोटार बरी. यांतली एक जरी अट मोडत असेल, तरी मोटारीचा हट्ट धरू नये. आणि 'विमान धोक्याचे म्हणून मोटार' हे कारण तर मुळीच देऊ नये. हे मत का बनले ते आता पाहू.

पहिला हिशेब : धुराचा

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. त्यांतला सुमारे ६४० ग्रॅम कार्बन असतो, उरलेला बहुतेक हायड्रोजन. इंजिनात पेट्रोल जळते म्हणजे या कार्बनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार होतो. कार्बनचा अणुभार १२ आणि ऑक्सिजनचा १६, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. ६४० ला ४४ ने गुणून १२ ने भागा. उत्तर येईल सुमारे २,३०० ग्रॅम. पाऊण किलोही नसलेल्या पेट्रोलपासून सव्वादोन किलोंहून जास्त वायू! हे जादा वजन आले कुठून, असे पुष्कळ मुले विचारतात. ते हवेतून आले. इंजिन पेट्रोल पिते त्याहून कितीतरी अधिक हवा पिते.

मुंबई ते गोवा हे अंतर रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटर धरू. मोटार एका लिटरला १५ किलोमीटर जात असेल, तर ४० लिटर पेट्रोल लागेल आणि ९२ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जाईल.

आता विमान. मुंबई-गोवा मार्गावर साधारणपणे १८० आसनांची दोन इंजिनांची जेट विमाने उडतात. एवढ्या अंतरासाठी असे विमान ढोबळमानाने अडीच टन इंधन जाळते. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे शुद्ध केलेले रॉकेलच. ते एक किलो जळले की ३.१६ किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो. म्हणजे एका फेरीत सुमारे ७,९०० किलो. आकडा पाहून वडिलांचा चेहरा उजळला. "पाहा! आपली मोटार ९२ किलो आणि विमान ७,९०० किलो!"

पण थांबा. विमानात माणसे किती? १८० पैकी १६० आसने भरली आहेत असे धरू. ७,९०० ला १६० ने भागले की माणशी सुमारे ४९ किलो येतात. आणि मोटारीचे माणशी किती? ते मोटारीत किती माणसे आहेत यावर अवलंबून. एकटा माणूस मोटार घेऊन गेला तर ९२ किलो. दोघे असतील तर ४६. तिघे असतील तर ३१. चौघे असतील तर २३. पाचजण असतील तर सुमारे १८.

मित्रहो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. एकटा माणूस मोटारीने गोव्याला गेला, तर तो विमानाने जाणाऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. दोघांनी गेले तर मोटार आणि विमान बरोबरीत. तिसरा माणूस आत बसला, की मग कुठे मोटार पुढे निघते. चौथा आणि पाचवा बसला, की ती चांगलीच पुढे जाते. तेव्हा 'मोटार चांगली की विमान?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'मोटारीत किती माणसे?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. अपूर्णांकात वरचा आकडा सगळ्यांना दिसतो, खालचा छेद पाहायला बहुतेकजण विसरतात.

हाच छेद आणखी मोठा केला तर काय होते? डिझेलवर चालणारी बस लिटरला चार किलोमीटर जाते असे धरू. ६०० किलोमीटरना १५० लिटर डिझेल. डिझेलच्या एका लिटरपासून सुमारे २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो, म्हणजे एकंदर ४०५ किलो. आत ४० माणसे असतील तर माणशी फक्त १० किलो! तुमची नेहमीची लाल एस.टी. या परीक्षेत मोटार आणि विमान दोघांनाही मागे टाकते. कोकण रेल्वेचा मार्ग तर २०२२ सालापासून पूर्णपणे विजेवर आहे. लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकाला घर्षणाचा विरोध फार थोडा होतो, आणि एका गाडीत हजारावर माणसे जातात. गाडीचे तिकीट मिळत असेल तर हा सारा वाद मिटवून सरळ गाडीने जावे, असेच मी म्हणेन. शेजाऱ्यांना ते मिळाले नव्हते. दिवाळीत ते मिळणे किती कठीण, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीचे काय, असे तुम्ही विचाराल. तिच्या मागे धूर नसतो हे खरे. पण आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच होते. सध्या विजेच्या एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड पडतो. अशी मोटार युनिटला साडेसहा किलोमीटर जाते असे धरले, तर गोव्यापर्यंत सुमारे ६५ किलो होतात. पेट्रोलपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. डोकी इथेही मोजावीच लागतात.

उंचीची किंमत

विमानाला जवळच्या प्रवासात इतके इंधन का लागते? याचे एक कारण तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातच आहे. ६० टन वजनाचे विमान ९ किलोमीटर उंचीवर न्यायचे, तर त्याला किती स्थितिज ऊर्जा द्यावी लागेल? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा. ६०,००० गुणिले ९.८ गुणिले ९,००० म्हणजे सुमारे ५२९ कोटी ज्यूल. एक किलो इंधनात सुमारे ४.३ कोटी ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे १२३ किलो इंधन पुरेसे व्हावे. पण कोणतेही इंजिन इंधनातली सगळी ऊर्जा कामाला लावू शकत नाही. तीस टक्के कामी येते असे धरले, तर सुमारे ४१० किलो इंधन नुसते वर चढण्यासाठी खर्च होते. अडीच टनांतला हा जवळजवळ सहावा हिस्सा झाला! विमान उतरताना यांतली काही ऊर्जा परत उपयोगी पडते, कारण तेव्हा ते बरेचसे घसरगुंडीसारखे खाली येते. पण सगळी परत मिळत नाही.

मुंबईहून लंडनला जाताना ही चढण एकदाच चढायची असते, आणि तिचा खर्च सात हजारांहून अधिक किलोमीटरांवर वाटला जातो. गोव्याला जाताना तो साडेचारशे किलोमीटरांच्या आतच भागवावा लागतो. विमान वर पोहोचते न पोहोचते तोच उतरायला लागते. म्हणून जवळच्या प्रवासाला विमान हे महागडे वाहन आहे, आणि दर किलोमीटरला पडणारा धूर तिथेच जास्त. आणखी एक गोष्ट. विमाने उंचावर नुसता कार्बन डाय-ऑक्साइड सोडत नाहीत. त्यांच्या मागे कधीकधी उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा तुम्ही पाहिल्या असतील. त्या बर्फाच्या कणांच्या असतात, आणि त्याही पृथ्वीची उष्णता अडवून ठेवण्यास हातभार लावतात. तेव्हा आपले ४९ किलो हा विमानाचा हिशेब थोडा हात राखूनच केलेला आहे.

यावर नववीतल्या चिरंजीवांनी एक मुद्दा काढला. "काका, विमान तर उडणारच आहे. आम्ही बसलो काय आणि न बसलो काय, धूर तेवढाच."

मुद्दा हुशारीचा आहे, पण खरा नाही. एका दिवसापुरते पाहिले तर विमान उडणारच आहे. पण पुढच्या वर्षी त्या मार्गावर किती विमाने सोडायची, हे या वर्षी किती आसने भरली यावरूनच ठरते. प्रत्येकाने 'माझ्या एकट्याने काय होणार?' म्हटले की होते ते सगळ्यांचे मिळूनच होते. मतदानाच्या दिवशीही काही लोक असेच म्हणतात.

दुसरा हिशेब : जिवाचा

आता आजींच्या भीतीकडे वळू. तिला हसून चालणार नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले. जमिनीवरचे १९ जण धरून एकूण २६० माणसे मरण पावली. ती दृश्ये ज्याने पाहिली त्याच्या मनात भीती बसणे अगदी स्वाभाविक आहे.

पण भीती स्वाभाविक असली, तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर असतोच असे नाही. मे २०१० मध्ये मंगळूरला झालेल्या विमान अपघातात १५८ जण दगावले. ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला २१ जण दगावले. आणि मग अहमदाबादचे २६०. २०१० ते २०२५ या पंधरा-सोळा वर्षांत आपल्या देशात मोठी प्रवासी विमाने पडून वा धावपट्टीवरून घसरून झालेल्या या तीन अपघातांतल्या मृत्यूंची बेरीज होते ४३९.

आता दुसरा आकडा पाहा. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात मरण पावली. ३६५ ने भागा. दिवसाला ४६१. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांत या तीन विमान अपघातांत जेवढी माणसे गेली, त्याहून जास्त माणसे आपल्या रस्त्यांवर एका दिवसात जातात. त्यांचे फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत. ती आतल्या पानावर चार ओळींत संपतात.

अर्थात इथेही छेद विसरून चालणार नाही. रस्त्याने जाणारी माणसे विमानाने जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. शिवाय रस्त्यावर मरण पावणाऱ्यांत जवळजवळ निम्मे दुचाकीवरचे आणि सुमारे पाचवा हिस्सा पायी चालणारे असतात. पण हे सगळे वजा करूनही वर्षाकाठी मोटारीतली हजारो माणसे उरतातच. दुसऱ्या बाजूला, २०२४ साली आपल्या देशातल्या देशात विमानाने १६ कोटींहून अधिक प्रवास झाले, आणि त्या वर्षी त्यांत एकही विमान कोसळले नाही. कसाही भागाकार करा, सुरक्षिततेच्या परीक्षेत विमान मोटारीच्या फार पुढे आहे.

भीतीपोटी घेतलेला निर्णय किती महाग पडतो, याचे एक उदाहरण सांगतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचे अपहरण करून ती पाडली गेली. त्यानंतर कित्येक महिने लोकांनी विमानाची धास्ती घेतली आणि लांबचे प्रवास मोटारीने केले. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने त्या काळातल्या रस्ते अपघातांचे आकडे तपासले. २००४ साली त्याने मांडलेला अंदाज असा, की त्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत विमान टाळल्यामुळे सुमारे ३५० माणसे रस्त्यावर जादा मेली. त्या चार विमानांत बळी पडलेले प्रवासी आणि कर्मचारी मिळून २४६ होते. धोका टाळण्यासाठी म्हणून ज्या वाटेने माणसे गेली, त्याच वाटेवर त्याहून मोठा धोका उभा होता.

तेव्हा आजींना मी एवढेच म्हटले, "आजी, मोटारीने जायचे तर खुशाल जा. पण विमानाला भिऊन जाऊ नका. भ्यायचेच असेल, तर मोटारीला भ्या आणि जपून जा."

तीन सेकंदांची डुलकी

आणि म्हणूनच वडिलांचा 'रात्री दहाला निघू' हा बेत ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्यामागे माझी स्वतःची एक आठवण आहे. पंचवीस-एक वर्षांपूर्वी मी कोल्हापूरहून पुण्याला रात्री मोटार चालवत येत होतो. दिवसभर एका लग्नात उभा होतो. कराड मागे पडले होते, पहाटेचे तीन वाजले असतील. मागे पत्नी आणि दोन्ही मुले झोपली होती. मला झोप लागली असे मला कधी वाटलेच नाही. डाव्या चाकांखाली खडी वाजली, म्हणून दचकलो. आणि समोर पाहतो तो दहा-बारा हातांवर उसाने भरलेली ट्रॉली, मागे एकही दिवा नसलेली. स्टिअरिंग कसे वळवले ते आठवत नाही. पुढे एका चहाच्या टपरीवर उजाडेपर्यंत थांबलो. मुले मागे झोपलेलीच होती. त्यांना ते अजून सांगितलेले नाही. हा लेख वाचतील तेव्हा कळेल.

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. पहाटे दोन ते पाचच्या सुमारास ते मेंदूला झोपेकडे ओढते, मग चालक कितीही सराईत असो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हुशारी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या कायद्याने वाहन चालवताना रक्तात ०.०३ टक्क्यांपर्यंतच मद्याची मर्यादा घातली आहे. सकाळी सहाला उठून दिवसभर काम केलेला आणि रात्री दहाला मोटार सुरू करणारा माणूस अकराला सतरा तास पुरे करतो. थेंबभरही न पिता तो कायद्याने ठरवलेल्या दारुड्यापेक्षा वाईट अवस्थेत असतो, आणि गोवा अजून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असतो!

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तीन सेकंदांच्या डुलकीत मोटार ६६ मीटर पुढे जाते, आणि तेवढा वेळ तिला कुणीही चालवत नसते.

वेगाचेही असेच आहे. ताशी १०० ने जाणाऱ्या चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर मोटार तेवढ्यात २८ मीटर जाते. मग ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी सुमारे ५५ मीटर. एकूण ८३. ताशी ८० असेल तर सगळे मिळून ५७ मीटर. हा फरक २६ मीटरांचा आहे, आणि तेवढ्यात रस्ता ओलांडणारे एक आख्खे कुटुंब मावते. बदल्यात वाचतो किती वेळ? दर शंभर किलोमीटरना पंधरा मिनिटे. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो. वेग कमी केला की जीव वाचतो आणि पेट्रोलही वाचते. एका कृतीने दोन्ही साधण्याची संधी रोज मिळत नाही.

आणि पट्टा! मागे बसणाऱ्यांनीही तो बांधलाच पाहिजे. कायदाही तेच सांगतो. ताशी ६० च्या वेगात मोटार एकदम थांबली तर पट्टा न बांधलेला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा वेग किती, ते गतीच्या समीकरणाने काढा : सुमारे १४ मीटर उंचीवरून पडल्यावर येणारा. म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून उडी मारण्यासारखेच.

वाट म्हणजे उघडे पुस्तक

इतके सगळे ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग मोटारीने जायचे तरी कशाला? एक कारण धुराचे, ते आपण पाहिले. दुसरे कारण मला त्याहून मोलाचे वाटते. विमान तुम्हाला मुंबईतून उचलते आणि गोव्यात ठेवते. मधला महाराष्ट्र गळून जातो. मोटारीने, आणि दिवसा, गेलात तर तोच महाराष्ट्र तुमच्यापुढे धड्यासारखा उलगडतो.

पुणे-कोल्हापूर-आंबोलीच्या वाटेने जाऊ. मुंबईत घेतलेली वेफर्सची बंद पिशवी खंडाळ्याला पोहोचेपर्यंत फुगून टम्म होते. तेवढ्या चढणीत हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरलेला असतो. कानांत दडे बसतात तेही त्यामुळेच. घाटातल्या कड्यांकडे पाहा. ते पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर पसरत गेले, त्यांतला प्रत्येक थर म्हणजे यांतली एक पायरी. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात. कोल्हापूरपर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि ऊस. आजऱ्याकडे वळलात की माती हळूहळू लाल होते. धो धो पावसाने खडकातले विरघळणारे पदार्थ धुऊन नेले आणि लोह मागे राहून गंजले. हा त्या गंजाचा रंग आहे.

आंबोलीला मात्र मोटार थांबवाच. इथे हिरण्यकेशी नदी उगम पावते. इथून अरबी समुद्र पश्चिमेला सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर. पण हिरण्यकेशी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि ते पाणी अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. तिथेच, थोडे पश्चिमेला, कड्यावरून पडणारा धबधबा अरबी समुद्राचा रस्ता धरतो. पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडतात आणि दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात! भूगोलाच्या पुस्तकात 'जलविभाजक' हा शब्द दोन गुणांसाठी पाठ करतात. तो पायाखाली घेऊन उभे राहणे ही गोष्ट वेगळी.

घाट उतरून सावंतवाडीला आलात की घरांच्या भिंती बदलतात. लाल, भोके-भोके असलेले जांभ्याचे चिरे. १८००-०१ च्या प्रवासात फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहिला. कुदळीने कापता येतो आणि उन्हात ठेवला की टणक होतो, हे पाहून त्याने विटेच्या लॅटिन नावावरून त्याला लॅटेराइट म्हटले. आपल्या कोकणातल्या गवंड्याला ही युक्ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. लाव्हाचा काळा खडक इकडे पातळ होत जाऊन संपतो, आणि त्याच्याहून फार जुने खडक उघडे पडतात. एका प्रवासात तुम्ही कोट्यवधी वर्षे मागे जाता.

विमानात काहीच दिसत नाही असे मी म्हणणार नाही. खिडकीशी बसलात तर सह्याद्रीचा कडा आणि किनाऱ्याची नक्षी एका नजरेत येते, आणि ढगांची वरची बाजू तर दुसरीकडे कुठे दिसत नाही. विमानाने जाणे भागच असेल, तर खिडकी मागून घ्या आणि पडदा उघडा ठेवा.

मग काय ठरले?

शेजाऱ्यांच्या मोटारीत चौघे होते. पाचवी जागा रिकामी होती. हिशेब संपला तेव्हा धाकटीच म्हणाली, "मामीआजी पुण्यात एकट्याच असतात. त्यांना घेऊ या का?" तशा त्या आल्या. सकाळी साडेपाचला, सगळ्यांची रात्रभर झोप झाल्यावर, मोटार निघाली. दर दोन तासांनी थांबायचे, ८० च्या वर जायचे नाही, आणि अंधार पडल्यावर चालवायचे नाही, असे तीन नियम नववीतल्या चिरंजीवांनी वहीत लिहून पुढच्या काचेशी ठेवले. एक रात्र कोल्हापूरला मुक्काम झाला. गोव्यातला एक दिवस कमी पडला, याबद्दल परत आल्यावर कुणी तक्रार केली नाही. विमानाची हौस राहिली आहे. ती कधीतरी लांबच्या आणि खरोखर गरजेच्या प्रवासात भागेल.

मित्रहो, तुमच्यापैकी फारच थोड्यांच्या दारात मोटार असेल, आणि विमानात बसलेले त्याहूनही थोडे असतील, हे मला ठाऊक आहे. पण आणखी दहा-पंधरा वर्षांनी हे निर्णय तुम्हीच घेणार आहात. तेव्हा माझा क्रम ध्यानात ठेवा : आधी रेल्वे किंवा बस, नंतर भरलेली मोटार, मग विमान, आणि सर्वांत शेवटी एकट्याने हाकलेली मोटार. फार लांबच्या प्रवासात मोटारीचा विचार सोडून द्या. तिथे रेल्वे आणि विमान यांतच निवड करा.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या सुट्टीआधी वर्गातल्या प्रत्येकाला त्याच्या घरच्या बेताचा हिशेब करून आणायला सांगा. अंतर, वाहन, इंधन, माणसे, आणि शेवटी माणशी किती किलो. अणुभार, ऊर्जा, वेग आणि भागाकार हे चारही धडे त्यात येतात. उत्तर घरी मोठ्याने वाचून दाखवायचे, हा गृहपाठाचा शेवटचा भाग. आणि एखाद्या घरी रात्री दहाला निघण्याचा बेत असेल, तर सतरा तासांचा हिशेब आधी वाचायचा.